आमच्या आयुष्यात गोष्ट नाही : शिरूर-भीमथडीचे कर्ज आणि एकोणिसाव्या शतकातील मराठी कादंबरी

नारो सदाशिव रिसबूड यांनी १८६८ मध्ये 'मंजुघोषा' प्रसिद्ध केली, तेव्हा प्रस्तावनेत त्यांनी आपली एक अडचण मोकळेपणाने सांगून टाकली. आपल्या लोकांची विवाहपद्धती आणि इतर चालीरीती पाहता त्यांच्या आयुष्यात चित्तवेधक असे काही घडतच नाही. रोजच्या अनुभवातील गोष्टी लिहाव्यात तर वाचकाचे मन रमावे कशात? तेव्हा अद्भुताचा आश्रय करण्यावाचून ग्रंथकाराला गत्यंतर नाही, असा त्या युक्तिवादाचा मथितार्थ. आपल्या वाङ्मयेतिहासकारांनी ही प्रस्तावना वारंवार उद्धृत केली आहे. कोणी तिच्यात अद्भुतरम्य कादंबरीचे समर्थन पाहिले, कोणी बालविवाहाच्या समाजात प्रणयकथा अशक्य असल्याची कबुली पाहिली. काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ मध्ये 'नावल व नाटक यांविषयी निबंध' लिहून संभाव्यतेचा प्रश्न पुढे आणला आणि १९०२ मध्ये राजवाड्यांनी 'कादंबरी' या निबंधात फ्रेंच-रशियन कादंबरीचा मापदंड लावून मराठी कादंबरीची झाडाझडती घेतली. पण या सर्व चर्चेत एक शब्द तपासावाचून सुटला आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. तो शब्द 'आपले' हा होय. कोणाच्या आयुष्यात गोष्ट नव्हती?

हा प्रश्न विचारण्यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. पुण्याहून नगरच्या रस्त्याने चाळीसएक मैलांवर घोडनदीच्या काठी शिरूर आहे. त्याच्या दक्षिणेस, भीमेच्या अंगाला, त्या काळचा भीमथडी तालुका पसरलेला होता. त्याची विभागणी पुढे दौंड आणि बारामती अशी झाली. 'मंजुघोषा'नंतर सहा-सात वर्षांच्या आत या दोन तालुक्यांत जे घडले, त्याची नोंद इंग्रजी अर्थकारणाच्या इतिहासात आहे, शेतकरी चळवळींच्या इतिहासात आहे. मराठी कथात्म साहित्याच्या इतिहासात मात्र ती शोधावी लागते.

डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे या गावी काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख याच्यावर दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला आणि त्याच्या बळावर देशमुखाचे राहते घर पाडावयास घेतले. देशमुख वजनदार घराण्यातला होता. दीडशे रुपये ही रक्कमही त्या काळच्या मानाने एखादे घराणे बुडावे एवढी नव्हती. गावाला झोंबले ते घर पाडणे. वसूल होण्यासारखे होते ते वसूल झाल्यावरही भिंती खाली आणण्यात जी एक अनावश्यक कृती आहे, तीत गावाने अपमान वाचला. त्यानंतर करड्यात बहिष्कार सुरू झाला. सावकारांची जमीन कोणी कसेना, त्यांचे पाणी कोणी भरेना, न्हावी त्यांची हजामत करीना. हे लोण पंचक्रोशीत पसरले. इंदापूर तालुक्यातील कळस गावच्या लोकांनी तर सावकाराचे काम करणाऱ्याला गावाबाहेर टाकण्याचे संमतिपत्रच लिहून काढले. पुढे १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, भीमथडी तालुक्यातील सुपे येथे जमाव सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चालून गेला. आठवडाभरात हे दंगे पुणे आणि नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पोचले. एकंदर ९५१ लोकांना अटक झाली व ५०१ जणांना शिक्षा झाली. त्यांपैकी पुणे जिल्ह्यातील अटका ५५९ आणि शिक्षा ३०१.

या घटनांचा अन्वयार्थ काय, याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. रविंदर कुमार यांनी ग्रामीण समाजातील जुने संबंध मोडल्याची खूण या दंग्यांत पाहिली, तर नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ मध्ये त्यांचे महत्त्व फुगवले गेल्याचा दावा केला. तो वाद येथे सोडवायचा नाही. साहित्याच्या अभ्यासकाला त्यातली एकच गोष्ट विलक्षण वाटावी : दंगेखोरांना हवे होते ते कागद. मनुष्यहानी जवळजवळ नाही. सावकाराने खते, रोखे, हुकूमनामे बाहेर काढून दिले की जमाव बहुधा तेवढ्यावर थांबे, कागदांची होळी होई आणि लोक घरी जात. देत नसेल तेथे घराला आग लागे. ज्या कुणब्याला अक्षर वाचता येत नव्हते, त्याला कागदाची शक्ती काय असते हे कोणाही पदवीधरापेक्षा अधिक नेमके ठाऊक होते. त्या कागदावर त्याची सही म्हणजे नांगराची निशाणी. आपण 'छपाईच्या आगमनाने निर्माण झालेला वाचकवर्ग' अशी शब्दयोजना फार सहजपणे करतो. त्याच दशकांत लिखित मराठीशी कुणब्याचा मुख्य संबंध आला तो कर्जखताच्या रूपाने, हे त्या शब्दयोजनेत कोठेच येत नाही.

या दंग्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल १८७८ मध्ये छापला गेला. त्याचा परिणाम म्हणून १८७९ मध्ये पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांसाठी दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला. अहवाल अर्थातच प्रशासकीय आहे, त्याची दृष्टी सरकारची आहे. तरीही करड्याचा वृत्तांत त्यात ज्या रीतीने येतो, तिला कथनच म्हटले पाहिजे. तेथे पात्रे आहेत, पूर्वपीठिका आहे, एका विशिष्ट महिन्यात एका विशिष्ट घरावर पडलेला घाव आहे, आणि त्या घावाने ढवळून निघालेले गाव आहे. संभाव्यता, कार्यकारणभाव, प्रातिनिधिक व्यक्ती, स्थळकाळाची निश्चिती, म्हणजे वास्तववादी कादंबरीची जी लक्षणे आपण पाश्चात्त्य समीक्षेतून शिकवतो, ती १८७०च्या दशकात पुणे जिल्ह्याविषयी लिहिल्या गेलेल्या इंग्रजी सरकारी गद्यात आहेत आणि त्याच काळच्या मराठी कादंबरीत नाहीत. गावकरी बोलले मराठीत, आणि त्यांची गोष्ट मुक्कामाला पोचली ती इंग्रजीत.

जगातील कादंबरी त्या वेळी काय करीत होती हे पाहिले म्हणजे रिसबुडांची अडचण अधिकच चमत्कारिक वाटते. डिकन्सची 'ख्रिसमस कॅरल' (१८४३) ही सणासाठी लिहिलेली भूतकथा आपल्या विद्यार्थ्यांना दयाळूपणाची गोष्ट म्हणून माहीत असते. परंतु तिचा नायक देण्याघेण्याचा धंदा करणारा मनुष्य आहे, ही बाब गौण नाही. कथेच्या चौथ्या भागात एक ऋणको नवराबायको आपला सावकार मेल्याचे ऐकून सुटकेचा निःश्वास टाकतात आणि आपल्याला असे वाटावे याचीच त्यांना लाज वाटते. त्या एका प्रसंगात कर्जाचे जे अंतरंग उघडते, ते अनेक अर्थशास्त्रीय प्रबंधांत सापडणार नाही. (सणाच्या अंकासाठी म्हणून कथा मागवण्याची प्रथा आपल्याकडे रूढ झाली ती १९०९ च्या 'मनोरंजन'च्या दिवाळी अंकापासून, आणि ती आली तेव्हा भूत बरोबर आले, सावकार फारसा आला नाही.) दुसरे उदाहरण हॅरिएट बीचर स्टो यांच्या 'अंकल टॉम्स केबिन'चे (१८५२). गुलामगिरीविरोधी साहित्यातील या सर्वांत प्रभावी कादंबरीचे कथानक क्रौर्यातून सुरू होत नाही. ते सुरू होते उसनवारीतून. शेल्बी हा तसा सौम्य मालक आहे, पण त्याचे रोखे हेली या गुलामांच्या व्यापाऱ्याच्या हातात गेले आहेत, आणि म्हणून टॉमला विकले पाहिजे. मनुष्य विकला जातो तो कोणाच्या दुष्टपणामुळे नव्हे, रोख्यांमुळे. करड्याच्या कोणाही माणसाला हे पहिले प्रकरण समजावून सांगण्याची गरज पडली नसती.

अमेरिकेचा हा उल्लेख केवळ तुलनेसाठी नाही. १८६१ ते १८६५ या यादवी युद्धाने अमेरिकेतील कापसाचा पुरवठा तुटला, मुंबईत कापसाचे भाव चढले, पैसा सैल झाला आणि सावकार सढळ हाताने कर्ज देऊ लागले. युद्ध संपले, भाव कोसळले, हात आखडले. त्यातच १८६७ पासून सुधारित जमाबंदीने सारा वाढला. शिरूर-भीमथडी हा काही कापसाचा मुलूख नव्हे, पण पतपुरवठ्याचे चक्र त्यालाही लागू होते. तिकडचे गुलाम मोकळे झाले त्या युद्धाची एक लाट अशा रीतीने भीमेच्या काठी येऊन आपटली. आणि याच दोन घटनांच्या मध्ये, १८७३ मध्ये, जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हा संवादरूप ग्रंथ अमेरिकेतील निग्रो दास्य नष्ट करणाऱ्या सज्जनांना अर्पण केला. आपल्या देशबांधवांनी शूद्र बंधूंच्या मुक्तीसाठी त्यांचा कित्ता गिरवावा, ही त्या अर्पणपत्रिकेतील इच्छा. फुल्यांची तुलना जातिव्यवस्थेची होती, कर्जाची नव्हे, हे मान्य केले पाहिजे. परंतु 'तृतीय रत्न' (१८५५) या नाटकातच त्यांनी कर्मकांडाच्या निमित्ताने नागवले जाणारे कुणबी जोडपे रंगवले होते, आणि दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाटक नाकारले, हेही विसरता येत नाही. बंगालीत दीनबंधू मित्र यांचे 'नीलदर्पण' १८६० मध्ये निळीच्या मळ्यांवरील जुलमाची गोष्ट नाटकात आणू शकले. मराठीत 'तृतीय रत्न' छापले गेले ते १९७९ मध्ये.

येथवरच्या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. कर्ज, जप्ती, दंगा हे विषय अद्भुतप्रिय अभिरुचीला मानवणारे नव्हते, लेखकाला आणि वाचकाला चमत्कार हवा होता, तेव्हा त्याच्यापुढे वास्तव ठेवून उपयोग काय? आक्षेप बिनतोड वाटतो. परंतु शिरूरनेच त्याला उत्तर देऊन ठेवले आहे.

शिरूरला इंग्रजांची छावणी होती. तेथे कर्नल विल्यम वॉलेस हा अधिकारी १८०९ मध्ये मरण पावला व तेथेच पुरला गेला. १८८५ च्या गॅझेटियरात (पुणे जिल्हा, अठरावा खंड) त्याच्या थडग्याविषयी मोठा रोचक मजकूर आहे. भोवतालच्या गावांतील लोक त्याला 'सत्पुरुष' म्हणत. सुगीत पहिल्या धान्याचा नैवेद्य त्याला आणीत, गुरुवारी आणि रविवारी धूप जाळून नारळ वाढवीत. अमावास्येच्या आणि पौर्णिमेच्या रात्री त्याचे भूत जुन्या छावणीच्या हद्दीतून फिरते आणि पहाऱ्यावरच्या शिपायाने सलामी दिली नाही तर त्याला जाब विचारते, अशी समजूत होती. म्हणजे परक्या सैन्याचा अधिकारी, मरणानंतर कुणब्यांचा क्षेत्रपाल झालेला, रात्री पहारे तपासतो आणि दिवसा जोंधळ्याचा नैवेद्य घेतो. यापेक्षा अद्भुत ते काय असावे? वसाहतीच्या अंमलाकडे सामान्य माणसाने कशा नजरेने पाहिले, भय, आदर आणि आपलेसे करण्याची युक्ती यांची त्याने कशी सरमिसळ केली, याची इतकी नेमकी प्रतिमा एकोणिसाव्या शतकातील एकाही मराठी कादंबरीत मला आढळलेली नाही.

आणि या मजकुरात एक अपवाद नोंदलेला आहे. हे थडगे सर्व लोक भजतात, ब्राह्मण आणि मारवाडी वाणी वगळून. गॅझेटियरकाराने ही नोंद जातवार माहितीच्या सवयीने केली असणार. साहित्याच्या अभ्यासकाला मात्र ती थबकवते. भुताच्या या गोष्टीबाहेर उभे असलेले दोन गट म्हणजे, थोड्या ढोबळपणाने, कादंबरी लिहिणारा वर्ग आणि खत लिहून घेणारा वर्ग. मराठी लेखकाला अद्भुत वर्ज्य नव्हते. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी 'वेताळपंचविशी' मराठीत आणली होती. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत आणल्या आणि त्या घराघरांत वाचल्या गेल्या. संस्कृतातून आलेला वेताळ चालत होता, बगदादहून आलेला जिनही चालत होता. घोडनदीचे भूत तेवढे चालत नव्हते, कारण ते गावंढळ होते. तेव्हा 'मंजुघोषा' आणि 'मुक्तामाला' (१८६१) यांतील राजवाडे, भुयारे आणि हरवलेली राजकन्या यांचा उगम अद्भुताच्या ओढीत शोधण्यापेक्षा जवळच्या अद्भुताविषयी वाटणाऱ्या संकोचात शोधणे अधिक युक्त ठरेल. अद्भुतरम्य कादंबरी वास्तवापासून पळाली, हे आपले आवडते विधान अर्धेच खरे आहे. तिने एका विशिष्ट प्रकारच्या अद्भुतापासूनही तेवढीच पळवाट काढली.

हा सारा दोष लेखकांच्या जातीवर टाकून मोकळे होणे सोपे आहे. १९७० नंतरच्या आपल्या समीक्षेने ते अनेकदा केलेही. पण त्याने स्पष्टीकरण पुरे होत नाही. बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटना'ने (१८५७) विधवांच्या दुःखासाठी प्रवासाचे साधे चौकटीसूत्र वापरून मराठी मुलखाची वास्तव माणसे कादंबरीत आणली होती. म्हणजे रूपबंध उपलब्ध होता. विनायक कोंडदेव ओकांच्या 'शिरस्तेदार'ने (१८८१) कचेरीतील लाचलुचपत चव्हाट्यावर मांडली. म्हणजे खते आणि हुकूमनामे जेथे फिरतात त्या जगाचा उंबरठाही ओलांडला गेला होता. हरिभाऊंचे 'पण लक्षांत कोण घेतो' १८९० पासून 'करमणुकी'त येऊ लागले, तेव्हा रिसबुडांचे विधान त्यांच्याच वर्गापुरते खोटे ठरले : ज्या घरगुती आयुष्यात काही घडत नाही असे म्हटले होते, त्याच आयुष्याची मोठी कादंबरी झाली. पुढे दुष्काळाच्या काळात 'काळ तर मोठा कठीण आला' लिहून याच लेखकाने शेतकऱ्याच्या दाराशी जाण्याचा प्रयत्न केला. तो प्रयत्न प्रामाणिक आहे. मात्र तेथे शेतकरी आपल्याला दिसतो तो सहन करताना. दुष्काळ निसर्गाचा असतो, त्यात कोणी हुकूमनामा मिळवलेला नसतो आणि कोणी संमतिपत्र लिहीत नाही. करुणेला दुष्काळ सोयीचा, सुपे गैरसोयीचे. माझ्या मते एकोणिसाव्या शतकातील मराठी कथेची खरी मर्यादा येथे आहे. गरिबाच्या दुःखाला गोष्टीचा दर्जा द्यायला ती हळूहळू शिकली. गरिबाच्या कृतीला मात्र तो दर्जा मिळाला नाही.

या परिसरातील एका महाविद्यालयात पदव्युत्तर वर्गाला 'मंजुघोषा' शिकवताना विद्यार्थ्यांना हा काळ कोणता हे सांगण्यासाठी मी करड्याचे नाव घेतले. वर्गातील बहुतेकांना गाव ठाऊक होते, एस.टी.ने जाता-येता लागणारे. तेथे १८७४ मध्ये काय झाले ते एकालाही ठाऊक नव्हते. त्यांना दोष देता येत नाही. साहित्याच्या अभ्यासक्रमात ते नव्हते, आणि इतिहासाच्या पुस्तकात 'दख्खनचे दंगे' या नावाखाली जे होते त्यात गावाचे नाव नव्हते.

कृतीला गोष्टीचा दर्जा देणारे गद्य मराठीत होते. ते कादंबरीच्या यादीत नव्हते एवढेच. फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) आपण वैचारिक निबंधांच्या कप्प्यात ठेवतो. त्याच्या चौथ्या प्रकरणात कलेक्टरच्या तंबूकडून परतणारा एक शेतकरी येतो. त्याचे स्वतःशी चाललेले बोलणे येते आणि मग त्याचे घर येते : दाराबाहेरचे आवार, आतले अंधारे खण, भांडीकुंडी, फाटकी पांघरुणे. वर्णनाचा हा तपशील निबंधाच्या युक्तिवादाला लागतो त्यापेक्षा पुष्कळ अधिक आहे. तो अधिकपणा हाच कादंबरीचा गुण होय. निवेदक या माणसाची कीव करीत नाही, त्याच्यावर रागावतो, त्याची भाषा बोलतो, त्याच्या घरातून बाहेर पडून थेट सरकारशी भांडू लागतो. निवेदनाची ही बदलती पट्टी एकोणिसाव्या शतकातील कोणत्याही मान्यताप्राप्त मराठी कादंबरीपेक्षा अधिक धीट आहे. निबंध आणि कादंबरी असा भेद करणारी आपली वर्गवारी येथे अपुरी पडते, आणि ती वर्गवारी बदलण्याऐवजी आपण ग्रंथच बाजूला ठेवतो.

फुल्यांचे सहकारी कृष्णराव भालेकर यांची 'बळीबा पाटील' ही कथाही याच वाटेवरची. भालेकरांनीच १८७७ मध्ये 'दीनबंधू' सुरू केला होता. १८८८ साल जिच्याशी जोडले जाते त्या या कादंबरीचे नाते १८७७ च्या दुष्काळाशी आहे आणि तिच्या केंद्रस्थानी पाटील आहे, म्हणजे करड्याच्या देशमुखासारखाच गावात वजन असलेला मनुष्य. तरी ग्रामीण कादंबरीचा आरंभ दीर्घकाळ सांगितला गेला तो धनुर्धारींच्या 'पिराजी पाटील'पासून, १९०३ पासून. नंतरच्या संशोधनाने तो आरंभ पंधरा वर्षे मागे नेला. ही केवळ कालानुक्रमाची दुरुस्ती नाही. पहिली कोणती, या प्रश्नाचे उत्तर बदलले की परंपरा कोणाची, याचेही उत्तर बदलते.

'असूडा'ची पहिली दोन प्रकरणे 'दीनबंधू'त आली आणि पुढची छपाई थांबली. भालेकरांनी सुरू केलेले ते पत्र तोवर मुंबईस नारायण मेघाजी लोखंडे चालवीत होते. फुल्यांनी त्याबद्दलचा आपला राग ग्रंथातच नोंदवून ठेवला. संपूर्ण ग्रंथ सर्वत्र उपलब्ध झाला तो १९६९ च्या समग्र वाङ्मयामुळे. ज्या चौथ्या प्रकरणात तो शेतकरी तंबूकडून घरी येतो, ते १८८३ मध्ये 'दीनबंधू' वाचणाऱ्यांच्या हाती पडलेच नाही.